एका प्रबंधाची मराठी प्रत

२०२४ च्या श्रावणातला एक रविवार. सकाळी अकराच्या सुमारास माणदेशातल्या एका वस्तीवरच्या ओसरीत बसून मी राज्यशास्त्राच्या एका इंग्रजी प्रबंधाचे मराठी भाषांतर वाचून दाखवत होते. भाषांतर माझेच, चाळीस-बेचाळीस फुलस्केप पानांवर हाताने लिहिलेले. श्रोते दोन. प्रबंधात जिच्याविषयी लिहिले होते ती बाई माझ्यासमोर गहू निवडत बसली होती, आणि तिची मुलगी, म्हणजे प्रबंधाची लेखिका, तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये होती. तिकडे इंग्लंडात सकाळचे साडेसहा वाजले होते. तिच्या खोलीत पुरेसा उजेडही आलेला नव्हता.

मराठीच्या अध्यापिकेवर हा प्रसंग कसा आला, ते थोडे मागे जाऊन सांगायला हवे.

ही मुलगी बी.ए.ला माझी विद्यार्थिनी होती. तिचा मुख्य विषय राज्यशास्त्र, पण ऐच्छिक मराठीचे माझे सगळे तास ती बसत असे. पुढे ती एम.ए.साठी शहरात गेली आणि २०२२ च्या दिवाळीनंतर एक दिवस स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. परदेशात जाऊन राज्यशास्त्राची आणखी एक पदव्युत्तर पदवी घ्यायची तिची इच्छा होती आणि त्यासाठी तिला शिफारसपत्र हवे होते. मी तिला बसवून घेतले, चहा मागवला, आणि जवळजवळ अर्धा तास ती कल्पना सोडून द्यायला सांगत राहिले. सेट-नेट दे, बी.एड. करून ठेव, स्पर्धापरीक्षांचा विचार कर. एखाद्याने अभियांत्रिकीसाठी परदेशी जावे हे समजण्यासारखे आहे. आपल्याच ग्रामपंचायतींचा अभ्यास करायला साहेबाच्या देशात कशाला जायचे? आपली पंचायत त्यांना काय कळणार? असे बरेच काही मी बोलले, आणि बोलताना मला ते शहाणपणाचे वाटत होते.

त्या शहाणपणाचे मूळ कशात होते हे मला पुष्कळ उशिरा कळले. २००२ साली मी बी.ए. झाले तेव्हा माझे राज्यशास्त्राचे गुण मराठीपेक्षा चांगले होते. परंतु आमच्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्ग होता तो फक्त मराठीचा. राज्यशास्त्रासाठी शहरात राहावे लागले असते, आणि त्या वर्षी घरातले पैसे धाकट्या भावाच्या प्रवेशाला लागणार होते. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. 'मराठी काय वाईट आहे?' एवढेच वडील म्हणाले, आणि मराठी वाईट नव्हतेच. ज्या विषयाने मला पोटाला दिले आणि त्याहून पुष्कळ अधिक दिले, त्याच्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जे बोलत होते त्यात सल्ला किती आणि हेवा किती, हा प्रश्न उरतोच. असो. मुलीने चहा संपवला आणि विचारले, "मॅडम, मग पत्र देणार ना?"

पत्र लिहायला बसले तेव्हा पहिली फजिती झाली. आपल्याकडच्या शिफारसपत्रात 'सुस्वभावी, होतकरू आणि कष्टाळू' अशी तीन विशेषणे घातली की भागते. तिथे विशेषणे चालत नाहीत, दाखला लागतो. अमुक वेळी या विद्यार्थिनीने असा विचार केला, असा प्रसंग सांगावा लागतो. मी आठवू लागले, आणि तृतीय वर्षाला तिने केतकरांच्या 'ब्राह्मणकन्या'वर लिहिलेला निबंध आठवला. आम्ही ती कादंबरी कशी शिकवतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९३० सालची, विचारप्रधान, रचनेने विस्कळीत, लेखकाच्या विद्वत्तेखाली पात्रे दबलेली, इत्यादी. या मुलीने मात्र लिहिले होते की कालिंदीचा प्रश्न प्रेमाचा नसून नोंदीचा आहे. आजीच्या पूर्वेतिहासामुळे जिचे स्वजातीत लग्न जुळणे दुरापास्त झाले आहे, ती नेमकी कुठल्या जातीची आहे आणि तिची मुले कोणाची गणली जातील, हे ठरवणारी सत्ता कोणाकडे आहे, असा तो प्रश्न आहे. मी त्या निबंधाला वीसपैकी अकरा गुण दिले होते, कारण त्यात 'कलात्मक मूल्यमापन' नव्हते. शिफारसपत्रात मी त्या निबंधाची स्तुती केली. अकराचा उल्लेख केला नाही.

याच सुमारास शिष्यवृत्त्यांची शोधाशोध चालू होती, आणि त्यात एक गोष्ट आम्हाला कळली. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. तिच्या कक्षेत ही मुलगी येत नव्हती, त्यामुळे तिचे स्वतःचे काही बिघडले नाही. पण २०२२ साली त्या शिष्यवृत्तीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नवी अट घातली गेली होती : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेतल्यास शिष्यवृत्ती मिळणार नाही. तसे अभ्यास देशातच करता येतात, ही त्यामागची भूमिका. वाचल्यावर मी गप्प बसले. स्टाफरूममध्ये मी जे म्हटले होते तेच कोणीतरी सरकारी भाषेत लिहून ठेवले होते.

मुलीला विद्यापीठाचीच अर्धी शिष्यवृत्ती मिळाली. उरलेल्या रकमेचे कर्ज काढून ती २०२३ च्या सप्टेंबरात गेली. तिकडची ही पदवी एका वर्षाची असते. वर्गातली व्याख्याने थोडी, आणि दर आठवड्याला दीड-दोनशे पाने वाचून चर्चेला बसायचे. पहिल्या दोन महिन्यांत तिचे संदेश आले ते बहुतेक थंडीचे आणि रडकुंडीचे. मग नोव्हेंबरात एका मध्यरात्री संदेश आला, तो एका ओळीचा होता : "मॅडम, आंबेडकरांच्या निबंधात आपले केतकर सापडले!"

मला ते ठाऊक नव्हते. एम.ए. मराठी, वीस वर्षांचे अध्यापन, केतकरांची कादंबरी डझनभर वेळा शिकवलेली, आणि तरी ठाऊक नव्हते हे लिहिताना संकोच वाटतो. पण आपल्यापैकी किती जणांना होते, हेही विचारावेसे वाटते. केतकर आमच्या अभ्यासक्रमात 'कादंबरी' या घटकात राहतात आणि आंबेडकर 'दलित साहित्याची प्रेरणा' या घटकात. दोघांच्या मध्ये दोन सत्रांची भिंत आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या लहान गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे, तिथे ते शिकले. (युलिसिस दहा वर्षे ज्या घरी परतण्यासाठी धडपडतो त्याचेच नाव त्या गावाला आहे. केतकरांच्या ते मनात आले असेल का, कोण जाणे.) १९०९ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून त्या काळच्या समाजस्थितीचा शोध घेणारा हा ग्रंथ होता. १९११ साली त्यांना पीएच्.डी. मिळाली. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, कादंबऱ्या, हे सारे त्यानंतरचे. इथाकामध्ये बसून त्यांनी जातीची व्याख्या केली, तिचे घटक दोन : जातीत जन्मलेल्यांनाच तिचे सदस्यत्व मिळते, आणि सदस्यांना जातीबाहेर विवाह करण्याची कडक सामाजिक बंदी असते.

पुढे सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, त्याच राज्यातल्या न्यूयॉर्क शहरी, कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यांचेही वय तेव्हा पंचवीस. त्यात त्यांनी सेनार, नेस्फील्ड, रिस्ले या युरोपीय पंडितांच्या व्याख्या तपासल्या आणि मग डॉ. केतकरांकडे वळले. केतकरांनी एकट्या जातीकडे न पाहता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात जातीकडे पाहिले, याचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले. आणि लगेच चूक दाखवली. केतकर जी दोन लक्षणे सांगतात ती दोन नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायला बंदी केली की बाहेरचा जन्म आत येण्याची वाट आपोआप बंद होते. मग उरते ती एकच गोष्ट, विवाहबंदी. आणि ती टिकवायची तर विधवेचे काय करायचे, विधुराचे काय करायचे, हा हिशेब समाजाला करावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांचा उगम त्यांनी या हिशेबात शोधला. निबंध पुढल्या वर्षी 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

मी तो निबंध त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचला. वाचताना सारखी जाणवत होती ती त्याची निर्ममता. मुंबईत किंवा पुण्यात १९१६ साली हा तरुण डॉ. केतकरांशी व्याख्येच्या दोन कलमांवरून असा समोरासमोर वाद घालू शकला असता का? त्या वर्षी महाराष्ट्रातल्या कुठल्या सभागृहात त्याला शेजारी खुर्ची मिळाली असती? १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, हे आपण जाणतोच. इथाका आणि न्यूयॉर्क या दोन गावांमध्ये मात्र हा वाद झाला, आणि मला वाटते, दोन मराठी माणसांनी एकमेकांना पूर्णपणे बरोबरीच्या नात्याने छापील शब्दांत दिलेल्या उत्तरांपैकी ते एक फार महत्त्वाचे उत्तर आहे. केतकरांनी त्याला प्रत्युत्तर दिले का, ते मी शोधते आहे. पण ज्यांनी व्याख्येचे दुसरे कलम लिहिले त्यांनीच पुढे एडिथ कोहन या ज्यू मुलीला व्रात्यस्तोमाचा विधी करून हिंदू धर्मात घेतले आणि तिच्याशी लग्न केले. शीलवतीबाईंनी 'मीच हे सांगितलं पाहिजे' या आत्मकथनात आपली बाजू सांगितली आहे. 'ब्राह्मणकन्या' तर त्या दुसऱ्या कलमाचीच कादंबरी आहे! हे मी अकरा गुण दिलेल्या मुलीला आधी दिसले होते.

आता एक वेगळी गोष्ट. कोलंबियात आंबेडकर शिकले त्या विभागाचे नावच 'राज्यशास्त्र विद्याशाखा' होते. जॉन बर्जेस यांनी १८८० मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून ती उभी राहिली होती. पण बाबासाहेबांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची जी यादी अभ्यासक देतात ती मौजेची आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, आणि राज्यशास्त्राचे फक्त ३. राज्यशास्त्र हे छपराचे नाव होते, खाली सगळे बिऱ्हाड होते. सेलिग्मन अर्थशास्त्राचे, ड्यूई तत्त्वज्ञानाचे, रॉबिन्सन आणि शॉटवेल इतिहासाचे. हे चौघे आपले थोर गुरू होते, असे त्यांनी पुढे लिहिलेही. आणि हे सारे मिळाले बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. २०२२ ची अट १९१३ साली असती तर जातींवरचा निबंध कुठल्या खात्यावर पडला असता, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

तरी त्या विद्यापीठाची आरती ओवाळायला मी तयार नाही. मुलीनेच मला हे सांगितले आणि मग मी वाचले. ज्या बर्जेस यांनी ती शाखा उभारली त्यांनी, आणि तिथेच शिकवणाऱ्या विल्यम डनिंग यांनी, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार दिला ही चूक होती, असा इतिहास लिहिला. डनिंग यांच्या शिष्यांची एक पिढीच त्या मताची निघाली. त्याला सविस्तर उत्तर दिले ते डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी, १९३५ साली. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्या इमारतीत होते आणि डनिंगही होते. ज्ञान देणारी खोली आणि माणसांना वगळणारी खोली एकाच जिन्यावर असू शकते. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यूबॉइस यांनी उत्तर पाठवले. परदेशातल्या शिक्षणाचा हिशेब मांडताना अशा गोष्टी पदवीदानाच्या छायाचित्रापेक्षा मला अधिक बोलक्या वाटतात.

त्या हिवाळ्यात मुलगी मला शब्दांविषयी विचारू लागली, आणि इथे माझा विषय अचानक उपयोगी पडला. चर्चेत 'स्टेट' हा शब्द आला की तिच्या मनात 'राज्य' येई, आणि राज्य म्हटले की महाराष्ट्र राज्य. 'राज्यसंस्था' हा पाठ्यपुस्तकातला शब्द तिच्या आईला कळणार नव्हता. तिथे 'सरकार' म्हणायचे, आणि 'सरकार' म्हणजे तलाठ्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळे. 'राजकारण' हा शब्द आपल्याकडे लोकसभेला लागू आहे तसाच जावांच्या भांडणालाही लागू आहे. पण सगळ्यांत अवघड होता 'समाज'. एका तासाला तिने तिकडच्या मुलांना सांगितले की आमच्या गावात 'आमचा समाज' याचा अर्थ 'आमची जात' असा होतो. सगळा गाव मिळून जो होतो त्याला समाज म्हणत नाहीत. वर्ग म्हणे बराच वेळ शांत होता. मला वाटते, एकट्या जातीला अस्तित्व नसते, जाती नेहमी अनेकवचनी असतात, हे जे आंबेडकरांनी त्या निबंधात म्हटले ते आमच्या बोलीने आधीच मान्य करून ठेवले आहे. समाजही आमच्याकडे अनेकवचनीच असतो.

प्रबंधासाठी तिने विषय घेतला स्त्री-सरपंचांचा. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. या विषयावर तिकडे पुष्कळ वाचायला होते. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर द्युफ्लो यांचा २००४ चा निबंध तर तिला तोंडपाठ झाला होता. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात जिथे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होते तिथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला, असा त्याचा निष्कर्ष. तिला प्रश्न पडला तो वेगळा. सरपंच बाई आणि कारभारी नवरा, असे जिथे असते तिथे सत्ता नेमकी कुठे असते? तालुक्यातल्या अकरा माजी सरपंच बायकांच्या मुलाखती तिने उन्हाळ्यात येऊन घेतल्या. त्यांतली एक तिची आई, २०१२ ते २०१७ या काळातली सरपंच. मार्गदर्शकांनी हरकत घेतली नाही, फक्त हे नाते पहिल्याच पानावर सांगायला लावले.

तिकडच्या नियमाप्रमाणे माणसांचा अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांचे संमतिपत्र लागते. मुलीने आईपुढे संमतिपत्र ठेवले तेव्हा आईने विचारले, "सई कुठं करायची?" आणि न वाचता केली. मुलगी त्याने फार अस्वस्थ झाली. त्या कागदावरच एक कलम होते : आपल्याविषयी जे लिहिले जाईल ते आपल्याला समजेल अशा भाषेत पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मुलाखत देणाराला राहील. बहुतेक संशोधक हे कलम छापतात आणि विसरतात, असा माझा तर्क आहे. हिने ते मनावर घेतले. दहाजणींना त्यांचे त्यांचे उतारे मराठीत पाठवले. आईचे प्रकरण मोठे होते आणि प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले होते, म्हणून मला फोन आला.

भाषांतर करताना माझा घाम निघाला. शोधनिबंधाचे इंग्रजी कर्त्याला लपवते. मराठीत कर्ता लपवला की वाक्य सरकारी होते, आणि उघडा केला की भांडण होते. 'निर्णय घेतले जात असत' असे लिहू की 'निर्णय नवरा घेत असे' असे लिहू? 'प्रॉक्सी' या शब्दापाशी तर मी दोन रात्री अडले. 'प्रतिनिधी' म्हटले तर अर्थ उलटा होतो. 'नामधारी' शुद्ध आहे, पण थंड. 'डमी' सगळ्यांना कळेल, पण तो त्या बाईंना त्यांच्याच ओसरीवर वाचून दाखवायचा होता. गावात एक शब्द आहे, 'सह्याजीराव'. (बडोद्याच्या महाराजांच्या नावावरची ही कोटी त्यांच्या शिष्यवृत्तीविषयी वाचल्यापासून मला टोचू लागली आहे.) शेवटी मी 'नामधारी' लिहिले आणि वाचताना आवाज खाली आणायचे ठरवले.

त्याची गरज पडली नाही. त्या शब्दापाशी आल्यावर बाईच म्हणाल्या, "म्हंजी सह्याजीराव म्हणा की, मॅडम," आणि हसल्या. मोबाइलमधली मुलगी हसली नाही. बाई सातवी शिकलेल्या. मधून मधून सुपातला खडा बाजूला काढत, मान हलवत ऐकत होत्या. माहेर, लग्न, सर्वसाधारण महिलांसाठी पद राखीव झाल्यावर नवऱ्याने भरलेला अर्ज, ग्रामसभेत भिंतीकडची खुर्ची, हे सगळे त्यांनी मान्य केले. मग मी पुढचे वाक्य वाचले : 'कार्यकाळाच्या पाच वर्षांत पतीने आणलेल्या प्रत्येक कागदावर त्यांनी स्वाक्षरी केली.'

सुपातला हात थांबला.

"परत्येक न्हाय," बाई म्हणाल्या.

"आई, तूच तसं सांगितलं होतंस," मोबाइलमधून आवाज आला.

"तू इचारलंस, कागद कोण आणायचं. मी सांगितलं, तुझं अण्णा आणायचं. सई कोण करायचं, मी करायची. त्यात काय खोटं न्हाय. पर एक कागद मी केला न्हवता."

२०१३ चा उन्हाळा. त्या वर्षीचा दुष्काळ माणदेशात अजून कोणी विसरलेले नाही. दावणीची जनावरे छावणीत आणि माणसे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. टँकरच्या खेपांची एक वही असे, तिच्यावर गावातून सही लागे. एका आठवड्याच्या पानावर रोज चार खेपा लिहिलेल्या होत्या. आल्या होत्या दोन. बाईंना ते पक्के ठाऊक होते, कारण सरपंच असल्या तरी घागरी घेऊन त्या रांगेत उभ्या असत आणि त्यांचा नंबर कधी लागला, कधी लागला नाही, हे त्यांच्या घागरींना माहीत होते. वही घरी आली. नवरा म्हणाला, सही कर, नाहीतर दोनही बंद होतील. त्यांनी केली नाही. वही तीन दिवस देव्हाऱ्याखाली पडून होती. गल्लीतल्या बायका येऊन बोलून गेल्या, 'तुझ्या हट्टापायी आमची घागर रिकामी ऱ्हाईल.' चौथ्या दिवशी पान बदलून आले, त्यावर दोन खेपा होत्या. मग त्यांनी सही केली.

मोबाइलमध्ये बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, संपर्क तुटला. मग मुलगी म्हणाली, "त्या आठवड्यात अण्णा काकांकडे जेवायला जायचे. मला वाटलं होतं, भांडण शेताच्या बांधावरून झालंय."

तेवढ्यात मुलीचे वडील गोठ्याकडून आले. आमचे बोलणे त्यांच्या कानावर पडले असावे. त्यांनी ओसरीच्या कडेला पाय धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोनच आल्या व्हत्या." आणि आत गेले.

पुढचे तीन आठवडे मुलीने ते प्रकरण पुन्हा लिहिले. वाक्यातला 'प्रत्येक' काढला. मार्गदर्शकांचे म्हणणे असे पडले की प्रसंग महत्त्वाचा आहे, पण त्याला दुसरा आधार हवा. तिच्या चुलतभावाने पंचायतीच्या कपाटात वही शोधली, सापडली नाही. वडिलांचे वाक्य होते, मी साक्षीला होते. परंतु वडिलांच्या मुलाखतीसाठी समितीची परवानगी घेतलेली नव्हती आणि त्यांनी संमतिपत्रावर सही केलेली नव्हती. शेवटी ते सगळे एका तळटिपेत गेले. तिचे इंग्रजी मुलीचे आणि माझे मिळून आहे. 'खेप' या शब्दाला आम्हाला नीट प्रतिशब्द मिळाला नाही, म्हणून तो तसाच तिरप्या अक्षरांत ठेवला आहे. मराठी प्रत बाईंनी मागून घेतली, ती त्यांच्याकडे आहे.

परवा निकालपत्रकांच्या गठ्ठ्यात मला तृतीय वर्षाची ती जुनी गुणयादी सापडली. अकराचे पंधरा करता येत नाहीत, यादी विद्यापीठाकडे गेलेली आहे.